भासऱ्यांचं वाऱ्याचं चाक

सायकल घ्यायच्या आधीच माझ्या भासऱ्यांनी सायकलचा दिवा घेऊन ठेवला होता. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरा म्हणतात. ते तेव्हा चांद्याला लाकूड चिरायच्या आरा मशीनवर कामाला होते. चंद्रपूर हे नाव कागदावर नंतर आलं, आमच्या तोंडी चांदाच होतं. मजुरीतून थोडं थोडं बाजूला टाकून आधी दिवा घ्यायचा, मग घंटी, मग सायकल, असा त्यांचा बेत. असा उलटा बेत करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. दिव्यासोबत बाटलीएवढा एक लोखंडी डायनामो होता. चाक फिरलं की डायनामोची टोपी चाकाला घासून फिरते आणि दिवा लागतो. तेल नको, वात नको.

घंटी घ्यायची वेळ आली नाही. मशीनच्या पात्याने त्यांच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं नेली. अंगठा आणि करंगळी राहिली. दवाखान्यातून सुटून ते गावी आले तेव्हा थंडी सरत होती. सोबत पत्र्याची पेटी. पेटीत धोतरं, एक सदरा आणि तो दिवा.

आमचं गाव पोंभुर्ण्याच्या अंगाला, जंगलात, तळ्याच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, वसलेलं. तळ्याच्या पाण्यावर धान पिकायचं आणि उन्हाळ्यात मोह, तेंदू, डिंक यांवर भागायचं. घरात सासू, माझा नवरा, मी आणि माझी पहिली पोरगी. ती तेव्हा भिंतीला धरून उभी राहायला शिकली होती. सासरे मी या घरात यायच्या आधीच गेले होते. भासऱ्यांची बायको पहिल्या बाळंतपणातच गेली होती, तिच्यासोबत मूलही गेलं. मग त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. पहिली निवडणूक होऊन गेली होती. गावात माणसं यायची, वीज येणार, सडक येणार म्हणून सांगायची आणि बैलगाडीत बसून जायची.

भासरे आधी कसे होते ते मला लोकांकडून कळलं होतं. नांगर, गाडीची धुरी, दाराची कडी, बाजेचे पाय, गावात लाकडाचं जे काही मोडेल ते यांच्या अंगणात येऊन पडायचं. आता मात्र ते उजवा हात दुपट्ट्यात गुंडाळून बसायचे. जेवायला आमच्यात येत नसत. डाव्या हाताने खाताना कोणी पाहू नये म्हणून गोठ्यात बैलांकडे तोंड करून जेवायचे. सासू ताट ठेवून यायची आणि पदराने नाक पुसत परत यायची. मी म्हणायचे, चुलीचा धूर असेल. ती म्हणायची, हो, धूरच.

होळीच्या सुमाराला तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराचा मुनीम गावात आला. एटापल्लीकडच्या जंगलात ठेकेदाराचं गोदाम होतं. तिथे राखणदार पाहिजे होता, बारमाही. राखण करायला बोटं लागत नाहीत. भासऱ्यांनी लगेच हो म्हटलं. हंगाम सुरू व्हायच्या आधी मुनीम गाडी घेऊन येणार आणि यांना घेऊन जाणार असं ठरलं.

सासू त्या दिवशी चुलीपुढून उठलीच नाही. तिथूनच बोलली.

"काऊन जातं रे बापू तिकडे? इथी तुले कोणी उपाशी ठेवलं काय?"

"तिथी माह्या हाताकडे पाह्यणारं कोणी नाई, माय."

"पाह्यणारं नाई. अन् ताप भरला तं पाणी देणारं कोण हाये? अस्वल?"

त्या बाजूला गेलेली माणसं तापाने पिवळी होऊन परत यायची. काही परतच यायची नाहीत. हे सासूला माहीत होतं, भासऱ्यांनाही माहीत होतं. मला वाटलं, जाणाराला परत न येणंही चालणार आहे. सासूलाही तेच वाटलं असावं, कारण तेव्हापासून ती रात्री दाराच्या आडव्याला खाट लावून झोपायला लागली. मोठ्या मुलाला खाट आडवी लावून अडवता येत नाही, पण ती लावायची.

चाकाची सुरुवात माझ्या पोरीमुळे झाली. ती रडत होती म्हणून भासऱ्यांनी शिंदीच्या पानाची भिंगरी केली. पान दातात धरलं, डाव्या हाताने मुडपलं आणि बाभळीच्या काट्यात टोचलं. पोरीने ती भिंगरी हातात घेतली आणि लगेच तोंडात घातली. दुसरी केली ती त्यांनी कुडाच्या वरच्या टोकाला लावली, तिच्या हाताला लागू नये म्हणून. तळ्यावरून वारा आला की ती भिरभिरायची. भासरे तिच्याकडे पाहत बसायचे. एका दुपारी ते उठले, पेटी उघडली आणि डायनामो बाहेर काढून त्याची टोपी अंगठ्याने फिरवू लागले.

आता भासरा म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. भासऱ्याशी भावाच्या बायकोने बोलायचं नाही. त्याच्यापुढे डोक्यावरचा पदर खाली येऊ द्यायचा नाही. त्याच्या हातातून काही घ्यायचं नाही, त्याने खाली ठेवलं की मग उचलायचं. चुकून अंगाला अंग लागलं तर दोघांनी आंघोळ करायची. एकदा माघात माझा पाय त्यांच्या सावलीवर पडला, तर सासूने मला तळ्यावर पाठवलं. मी दात वाजवत आंघोळ केली. सावली त्यांची होती, पण त्यांना कोणी तळ्यावर पाठवलं नाही.

वाऱ्यावर डायनामो फिरवून दिवा लावायचा तर चाक पाहिजे, आणि वाऱ्याचं चाक एका हाताने होत नाही. दोरी ओढायला एक हात, गाठ मारायला दुसरा. माझा नवरा दिवसभर बांधावर नाही तर जंगलात. घरात दुपारी हात होते ते माझेच. सासूने दोन दिवस पाहिलं. मुलगा दातांनी सुतळी ओढतो आहे, हिरडीतून रक्त येतं आहे. तिसऱ्या दिवशी ती उंबऱ्यात येऊन बसली आणि म्हणाली, "मी मधात बसतो. तो मले सांगल, मी हिले सांगीन."

आमच्याकडच्या बाया स्वतःला 'मी बसतो' असंच म्हणतात, त्यात काही चूक नाही.

तेव्हापासून कुडाच्या भिंतीच्या त्या बाजूला ओसरीत भासरे, या बाजूला चुलीपाशी मी आणि उंबऱ्यात सासू. दोघांची पाठ भिंतीला. वस्तू उंबऱ्यावर ठेवायची, दुसऱ्याने उचलायची.

"माय, तिले म्हन, डालग्याचं कडं काढून दे."

"कडं काढून दे म्हणते."

"आत्याबाई, कोंबड्या कशात झाकू विचारा."

"कोंबड्या कशात झाकू म्हणते."

"माह्या पेटीत झाक म्हन."

"पेटीत झाक म्हणते. अन् बापू, पेटीत कोंबड्या टाकल्या तं तू जाताना धोतरं कायच्यात नेशीन?"

पलीकडून सुतळी ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "गाठोड्यात."

कोंबड्या झाकायच्या डालग्याचं बांबूचं गोल कडं झालं चाकाची धाव. बांबू गुळगुळीत, त्यावर डायनामोची टोपी घसरेल म्हणून मी त्यावर सुतळी गच्च गुंडाळली आणि धावड्याचा डिंक लावला. मोडक्या पाटाची फळी वाकसाने तासून मधला तुंबा केला. ते वाकस भासऱ्यांनी डाव्या हातात धरलं तेव्हा सासूने डोळे मिटून घेतले. आस म्हणून लोखंडी दांडी पाहिजे होती. घरात लोखंडी दांडी एकच, मेलेल्या सासऱ्यांच्या छत्रीची. ती छत्री आढ्याला टांगलेली असायची आणि तिला कोणी हात लावत नसे. ती मागायची कशी, हे आम्हा दोघांनाही सुचेना. सासू स्वतःच उठली, छत्री काढून उंबऱ्यावर टाकली.

"कापड तं उंदरानं खाल्लं. दांडी तरी कोणाच्या कामी येऊ दे."

पाती रॉकेलच्या डब्याच्या टिनाची. एकूण आठ. चार त्यांनी कापली, चार मी. देठाकडे अरुंद, टोकाकडे रुंद, पळसाच्या पानासारखी म्हणा. माझी जरा जाड झाली, कारण मी डब्याच्या तळाचं टिन घेतलं. आधी आम्ही ती सपाटच लावली होती आणि चाक हललं नव्हतं. मग भासऱ्यांनी पोरीची भिंगरी पाहिली आणि त्यांच्या ध्यानात आलं की पात्याला कल पाहिजे.

सासू तोपर्यंत आमच्या कामाला कंटाळली होती. "मी काय तुमची टपालवाली हावो काय?" असं म्हणून एकदा ती मोह वेचायला निघून गेली. मग आमचं टपाल माझ्या पोरीमार्फत चालू झालं. ती आम्हा दोघांच्या मध्ये, म्हणजे उंबऱ्यावर, टिनाचा तुकडा चाटत बसलेली असायची.

"चिमणे, तुह्या मायले सांग, पात्याची उजवी कड उचल. जास्त नाई, करंगळीभर."

"चिमणे, तुह्या मोठ्या बाबाले सांग, करंगळी त्याची की माही?"

मी हे बोलले आणि जीभ चावली. करंगळीचं नाव घ्यायला नको होतं. पण पलीकडून हसू आलं. ते चांद्याहून आल्यापासून मी त्यांचं हसू ऐकलं नव्हतं. आधीही ऐकलं नव्हतं म्हणा. जाड, खालच्या आवाजातलं हसू होतं, नवऱ्यासारखंच.

"चिमणे, तिले सांग, तिची. माही आता अंगठ्याचं काम करते, तिले फुरसत नाई."

मी पाट्याच्या काठावर टिन ठेवून मुसळाने हलकं हलकं ठोकून माझ्या चारही पात्यांची उजवी कड उचलली. त्यांनी त्यांच्या चारांची उचलली. माझी पाती जड आणि त्यांची हलकी, म्हणून तोल राहावा यासाठी एकाआड एक बांधायची ठरली. ती त्यांनी बांधली. अंगठा, करंगळी आणि दात एवढ्यावर गाठ मारायची तर डोळे गाठीवरच ठेवावे लागतात. तेव्हा त्यांनी पात्याकडे पाहिलं नाही यात त्यांचा दोष नव्हता.

चाक तळ्याच्या पाळीवर उभं केलं. उन्हाळ्यात तिथे वारा तळ्यावरून एकाच बाजूने येतो, म्हणून चाकाला वळायची सोय करावी लागली नाही. एक खांब रोवला, त्यावर छत्रीची दांडी, दांडीवर चाक, धावेला टेकलेला डायनामो. गाव गोळा झालं. जाळी वाळत घालायला आलेले मासे मारणारे लोक पाळीवर बसले. वारा असा की बायांचे पदर उडत होते.

चाक थोडं इकडे गेलं, थोडं तिकडे गेलं आणि थरथरत उभं राहिलं. डायनामो काढून पाहिला, तरी तेच.

"बापू, तुमचं चाक तं मान हालवून नाई म्हनून राह्यलं गा," जाळंवाला म्हणाला.

"त्याले वारा नाई, तुतारी टोचा," दुसरा म्हणाला. बैलाला टोचायची काठी म्हणजे तुतारी.

लोक वाईट नव्हते. हसण्यासारखं होतं, हसले. भासऱ्यांनी चाक उपसलं, खांद्यावर घेतलं, घरी आणून कोपऱ्यात टाकलं आणि हात पुन्हा दुपट्ट्यात घातला. गेले कित्येक दिवस तो बाहेर होता हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"माही पाती वाकडी झाली, माय," ते सासूला म्हणाले. "ह्या हातानं आता काही नाई होत. मुनीम आला की मी जातो. अडवू नोको."

सासूने अडवलं नाही. मुनिमाचा निरोप आला की तो दुसऱ्या दिवशी दुपारी येतो. तिने तांदूळ, मिरची, मीठ, जवसाची चटणी असं गाठोडं बांधलं. पहाटे उठून ती मोह वेचायला गेली. मोह सरत आला होता, झाडाखाली फारसं काही पडत नव्हतं. घरात बसवेना म्हणून गेली असेल. माझा नवराही तिच्यासोबत गेला.

मला त्या सकाळी काही सुचलं-बिचलं नाही. चांगलं टिन वाया कशाला जाऊ द्यायचं, म्हणून मी चाक अंगणात आडवं टाकलं आणि पाती सोडायला बसले. गोठ्याचं छप्पर गळत होतं, त्याला टिन लागणार होतं. एक पातं सोडलं, ते माझं होतं. दुसरं सोडलं, ते त्यांचं. दोन्ही मांडीवर ठेवली, देठ एकाच बाजूला करून. माझ्या पात्याची डावी कड वर होती. त्यांच्या पात्याची उजवी.

मी पुन्हा पाहिलं. मी तर उजवीच उचलली होती. मग मी मुसळ घेतलं, पाटा घेतला आणि त्या दिवशी बसले होते तशी बसून पातं हातात धरलं. मी पातं सुपासारखं धरत होते. रुंद बाजू पोटाशी, अरुंद बाजू पुढे. बाई दुसरं कसं धरणार? जन्मभर सूपच धरलं. भासरे मात्र ते विळ्यासारखं धरत असणार, अरुंद देठ मुठीत आणि रुंद टोक पुढे. माझी उजवी ती त्यांची डावी. चार पाती चाकाला इकडे ढकलत होती आणि चार तिकडे. मधे भिंत, पाठीला पाठ, कोणी कोणाचे हात पाहिलेच नव्हते. आणि ते समजून बसले होते की आपली पाती वाकडी झाली. त्यांची चारही सारखी होती. मी एकावर एक ठेवून पाहिली, केसाचा फरक नव्हता.

भासरे गोठ्यात बैलांच्या अंगावरून डावा हात फिरवत उभे होते. जायच्या आधी माणूस जनावरांना भेटतो तसे. पोरगी झोपली होती. सासू जंगलात. टपाल न्यायला कोणी नव्हतं.

त्यांना हाक काय मारायची तेही मला माहीत नव्हतं, कारण तशी वेळच कधी आली नव्हती. नवऱ्याच्या भावाला भाऊ म्हणायचं असं ठरवलं आणि गोठ्याच्या दाराशी गेले.

"भाऊ."

ते दचकले. बैलही दचकला. मागे कोणी दुसरं उभं आहे की काय, असं त्यांनी पाहिलं.

"भाऊ, तुमचा हात नाई चुकला. आपण पाठमोरे बसलो, ते चुकलं. हे पाहा."

मी दोन्ही पाती चाऱ्याच्या गव्हाणीवर ठेवली आणि दोन पावलं मागे झाले. त्यांनी ती उचलली. आधी दोन्ही देठांनी धरली. मग माझं पातं उलटं करून धरलं. मग दुपट्ट्यातून उजवा हात काढला आणि पात्याच्या कडेवरून करंगळी फिरवली.

"तू हे कसं धरलं होतं?" त्यांनी विचारलं. मला. पोरीला नाही.

"सुपासारखं."

"अन् मी देठानं." पाती गव्हाणीवर ठेवून म्हणाले, "आता कोणाची पाती बदलायची?"

"माही. तुमची चार एकसारखी हाये. माही तं तशीही जाड हाये."

"मंग बस. मुनीम यायच्या आधी कर."

आम्ही अंगणात समोरासमोर बसलो. मी माझी चार उलटी ठोकली. ते पाहत होते आणि मधेच म्हणायचे, "एवढं नोको. हं, आता बरोबर." मग मी दोरी धरायची आणि त्यांनी गाठ मारायची. बोटाला बोट लागलं असेल. आंघोळ करायला वेळ नव्हता.

चाक पुन्हा पाळीवर चढवलं तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि वारा सुटला होता. चाक आधी जरा थांबलं, मग एक पातं खाली आलं, मग पुढचं, आणि मग पाती वेगळी दिसेनाशी झाली. भासऱ्यांनी डायनामो धावेला टेकवला. सुतळीवर टोपी घासायचा आवाज असा की तळ्यावरचे बगळे उडाले. पण दिवा उजेडात दिसेना, लागला की नाही कळेना. मी धावत जाऊन घरून एक काळं मडकं आणलं, दिवा त्यात सोडला आणि आत तोंड घातलं.

विझत्या काडीचं टोक लाल राहतं ना, तेवढा लागला होता. वारा वाढला की पिवळा व्हायचा.

"लागला," मी मडक्यातून ओरडले.

मुनीम आला तेव्हा पाळीवर सगळं गाव होतं आणि माणसं एकामागून एक मडक्यात तोंड घालत होती. सासूही माझ्या नवऱ्यासोबत जंगलातून थेट तिथेच आली. डोक्यावरची टोपली तिने खालीही ठेवली नव्हती.

"चलो बापू," मुनीम खालून म्हणाला. "गाडी खडी हाये. बैल तहानले."

"बैलांले पाणी पाज," भासरे वरून म्हणाले. "इतकं तळं हाये."

"पाजलं. चला आता."

"थांब गा. वारा पडू दे."

खांबाला दोरीने बांधलेला डायनामो सारखा धावेवरून सरकत होता. त्यांनी खांबाला खांदा लावला, डावा हात डायनामोवर दाबला आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, "वं, इकडची दोरी धर. जोरानं वढ."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. कोणीतरी तोंडाने चक् केलं. माझा नवरा तळ्याकडे पाहायला लागला, तिकडे पाहण्यासारखं काही नव्हतं. मी पदर दातात धरला आणि दोरी ओढली.

सासूचं डोकं तेव्हा मडक्यात होतं. तिथूनच तिचा आवाज आला, घुमून.

"बोलू द्या त्यायले. दिवा वाढून राह्यला."

वारा पडला नाही. मुनीमही वर येऊन मडक्यात पाहून गेला. अंधार पडायच्या आत त्याला पुढच्या गावी पोचायचं होतं. त्याने दोन-तीनदा हाक मारली, मग शिवी दिली आणि मग गाडी हाकली. एटापल्लीला त्याने दुसरा राखणदार शोधला असेल. भासऱ्यांनी त्याच्या गाडीकडे वळूनही पाहिलं नाही. मी पाहिलं, कारण ती गेल्याची खात्री कोणीतरी करायला पाहिजे होती.

ते चाक काही फार टिकलं नाही. वैशाखातल्या वावटळीने ते खांबासकट तळ्यात नेलं. भासऱ्यांनी बुडी मारून डायनामो काढला. तो नंतर कधी लागला नाही. ते कुठे गेले नाहीत. डाव्या हाताने नांगर तासायला शिकले, पहिल्या वर्षी वाईट तासायचे, लोक तरी आणून द्यायचे. म्हातारे होऊन याच घरात गेले. माझ्या पोरीच्या लग्नाचा मांडव त्यांनी घातला आणि तो एका अंगाला कलला होता. सायकल मात्र त्यांनी कधी घेतली नाही.

त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. सासूने गाठोडं सोडलं. तांदूळ परत कोठीत ओतले, चटणी फळीवर ठेवली. मग माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता तळ्यावर जायला लागणार, पाण्यात वारा लागून मरणार.

"भासऱ्याशी बोलली तू."

"बोलली."

"सगळ्या गावापुढे."

"गावापुढे ते बोलले. मी गोठ्यात बोलली."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या केसात डिंक होता, हाताला टिनाचे ओरखडे होते.

"उद्यापासून बोलत जाय," ती म्हणाली. "मी काय जन्मभर उंबऱ्यात बसू? पण पदर नीट घेऊन बोल."